शिवथरच्या पाण्यावर लावलेला सात

मी पीएच मीटर बोलतोय. मी सांगतो ते खरं धरायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. स्वतःबद्दल खात्री देण्याचा अधिकार मी गमावलेला आहे, आणि तो कधी होता की नाही याचीही मला आता शंका येते.

दिसायला मी एखाद्या जाड मार्करएवढा. अंग पिवळं, वरच्या बाजूला आकडे दिसणारी छोटी खिडकी, खाली टोपण. टोपण काढलं की हरभऱ्याएवढा काचेचा नाजूक फुगा दिसतो. तो पाण्यात बुडवला की पाणी आम्लाकडे झुकलंय की चुन्याकडे, ते मी सांगतो. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. सातावरून सहावर आलं की आम्ल दहापट वाढलेलं असतं. माणसांना मात्र एकाचा फरक एकच वाटतो.

माझ्या पाठीवर एक बारीक स्क्रू आहे. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तोच. काचेला पाण्याचा जो स्पर्श जाणवतो तो माझा स्वतःचा. पण त्या स्पर्शाला कोणता आकडा म्हणायचं, ते स्क्रू ठरवतो. स्क्रू चुकीचा फिरवला तर मी मनापासून चुकीचं बोलतो, आणि बोलताना मला ते कळतही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात, काही छोट्या पुड्यांसोबत मी महाडला आलो. मला मागवलं होतं अरसलानने. एसी दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा माणूस. घराच्या वरच्या मजल्यावर त्याची दीडशे लिटरची काचेची टाकी होती. मोठा पूर येऊन गेल्यापासून महाडात जपायची वस्तू कुणी तळमजल्यावर ठेवत नाही. टाकीत पाच एंजल मासे होते. चपटे, अंगावर काळे पट्टे, पतंगासारखे पर असलेले. बोटाच्या नखाएवढे असताना आणलेले ते आता तळहाताएवढे झाले होते.

अरसलान मला जपायचा. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणायचा, त्यात पुडीतली पावडर विरघळवायचा. त्या पाण्याचा पीएच किती, हे पुडीवरच छापलेलं असे. तेवढाच आकडा मी दाखवेपर्यंत तो स्क्रू हळूहळू फिरवायचा. काम झालं की टोपणातला स्पंज ओला करून माझी काच त्यात ठेवायचा, कारण काच ओली राहायला हवी. कोरडी पडली की मी बहकतो. ती चार वर्षं मी निर्धास्त होतो. आता वाटतं, ती खात्री माझी नव्हतीच, त्याची होती.

मग अरसलानला कतारची नोकरी लागली आणि टाकी वडिलांच्या हवाली झाली.

जहांगीरभाईंनी स्वतः सव्वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवला होता. दोन वर्षांतून दोन महिने घरी. मुलगा मोठा झाला तो फोनवरच. बाप कायमचा परत आला तेव्हा मुलाच्या खांद्याला त्याचं डोकं लागत होतं, आणि एकाच घरात राहूनही दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. जेवलात का, गाडीत पेट्रोल आहे का, एवढंच. जाण्याच्या आदल्या दिवशी अरसलानने मात्र तासभर वडिलांना टाकी समजावली. फिल्टर कधी धुवायचा, खाणं किती टाकायचं, पाणी किती बदलायचं, आकडा साडेसहा ते सातच्या दरम्यान कसा राहायला हवा. जहांगीरभाई वहीत लिहून घेत होते. महरुन्निसाने, म्हणजे त्याच्या आईने, दारातून हे पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं की पोरगा बापाशी एवढं बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदा बोलला.

त्यानंतर दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला कतारहून फोन यायचा. शुक्रवारी तिकडे सुट्टी.

"अब्बा, आकडा किती?"

"सात."

"मासे?"

"बरे हायत."

मग हळूहळू बोलणं पुढे सरकायचं. तिकडचा उन्हाळा, खोलीतले इतर जण, डाळीत घालायला कोकम मिळत नाही ही तक्रार. मी दाखवलेला आकडा हा त्या दोघांच्या बोलण्याचा पहिला शब्द होता. तो नसता तर पुढचं काहीच नसतं. हे मला कळत होतं, म्हणून माझ्यावर फार ओझं होतं.

जहांगीरभाईंनी माझी काळजी घेतली नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांनी जरा जास्तच घेतली. गाडीची काच पुसायची सव्वीस वर्षांची सवय. प्रत्येक वेळी पाण्यातून काढलं की ते मला मऊ फडक्याने खडखडीत कोरडा करायचे आणि डबीत बंद करायचे. टोपणातला स्पंज त्यांना कचरा वाटला; तो गेला. उरलेल्या दोन पुड्याही गेल्या. आखातातून आणलेल्या प्रत्येक खोक्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या असतात, त्या खायच्या नसतात आणि कामाच्याही नसतात, हे त्यांना माहीत होतं. माझ्या पुड्याही त्यांना तशाच वाटल्या.

काच कोरडी पडत गेली तसा मी बहकू लागलो. सकाळी सहा पूर्णांक तीन, संध्याकाळी सात पूर्णांक सहा. पाणी तेच. जहांगीरभाई दिवसातून चार वेळा मला बुडवायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा अधिक ओढलेला दिसायचा. शेवटी ते मला खिशात घालून खाली रामजी सरांकडे गेले.

रामजी सर खालच्या मजल्यावरचे शेजारी. पोलादपूरच्या हायस्कुलात अडतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून मला उलटसुलट पाहिलं, स्क्रू पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी विज्ञानातलं काही विचारलं नव्हतं.

"जहांगीरभाई, शुद्ध पाण्याचा पीएच सात. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. आपण याला शुद्ध पाण्यात बुडवू आणि सातावर लावून टाकू. प्रश्न मिटला."

"शुद्ध पाणी कुठलं सर? बाटलीतलं?"

"बाटलीतल्यात औषध मारलेलं असतं. शुद्ध पाणी म्हणजे शिवथरचं, डोंगरातल्या झऱ्याचं."

यावर जहांगीरभाईंना काही शंका घ्यावीशी वाटली नाही. मला तरी कुठे वाटली? महाडात कुणालाही विचारा, पाणी कुठलं चांगलं, तर तो शिवथरच्या बाजूलाच बोट दाखवील. दोघे स्कूटरवरून निघाले. पुढे जहांगीरभाई, मागे मांडीवर वीस लिटरचा कॅन घेऊन सर. डोंगर हिरवेगार होते, भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. शिवथरघळीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक झरा आहे, तिथे त्यांनी कॅन भरला आणि तिथेच पेल्यात पाणी घेऊन मला बुडवलं.

ते पाणी खरोखर सुंदर होतं. थंड, हलकं, डोळ्यांना दिसू नये इतकं नितळ. पण कातळावरून आणि कुजलेल्या पाल्यातून आलेलं ते पाणी. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड होता आणि क्षार जवळजवळ नव्हते. पाण्यात क्षारच नसले की माझ्यासारख्या स्वस्त यंत्राला धरायला काही मिळत नाही. माझे आकडे भिरभिरत राहिले. सहा पूर्णांक एक, सहा पूर्णांक तीन, पुन्हा सहा पूर्णांक एक. मला वाटतं, मी त्या वेळी खऱ्याच्या जवळपास होतो. पण माझ्यावर तरी किती भरवसा ठेवायचा?

सर म्हणाले, "बघा, कसं भरकटलंय. शुद्ध पाण्याला सहा म्हणतंय."

आणि त्यांनी खिशातल्या छोट्या पेचकसाने माझा स्क्रू फिरवला. सातावर.

त्या क्षणापासून मी जो आकडा दाखवत आलो तो जवळपास एकाने जास्त होता.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण घरी आल्यावर जहांगीरभाईंना वाटलं, कॅनमध्ये एवढं चांगलं पाणी उरलंय, ते वाया का घालवा. त्यांनी ते टाकीत ओतलं. पुढच्या आठवड्यात ते एकटेच जाऊन दोन कॅन घेऊन आले. मग ती रीतच पडली. नळाच्या पाण्याला वास येतो, माशांना ते नको.

महरुन्निसा जिन्यात उभी राहून म्हणाली, "आमाला नळाचं नि माशांना शिवथरचं. थांबा, मी पण टाकीत जाऊन बसते."

ते हसले. त्या दिवसांत ते खूश होते. मी रोज सात दाखवत होतो.

टाकीचं पाणी कधी स्वस्थ नसतं. मासे खातात, त्यांची घाण होते, ती कुजताना आम्ल तयार होतं. नळाच्या पाण्यात थोडेफार क्षार असतात, ते या आम्लाला आवरून धरतात, आकडा घसरू देत नाहीत. शिवथरच्या पाण्यात आवरून धरणारं काहीच नव्हतं. दर आठवड्याला धरणारे हात कमी होत गेले आणि पाणी खाली खाली घसरत गेलं. मी साडेसहा दाखवत होतो तेव्हा ते खरं तर साडेपाचच्या जवळ आलं असावं. साडेसहा म्हणजे वहीत लिहिल्याप्रमाणे ठीकच.

मासे मात्र ठीक नव्हते. पर अंगाशी मिटून ते कोपऱ्यात राहायचे, खाणं पडलं तरी वर यायचे नाहीत. जहांगीरभाईंनी आधी दिव्यावर संशय घेतला, मग खाण्यावर, मग फिल्टरवर. मला बुडवायचे, आकडा बघायचे आणि मान हलवायचे. माझ्यामुळे ते पाण्याला निर्दोष समजत होते. काचेला तो आंबट चटका रोज लागत होता. पण खिडकीत उमटायचं ते स्क्रूच्या मर्जीने. मी काय करायला हवं होतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कदाचित एखाद्या दिवशी बंदच पडायला हवं होतं.

खरी गोष्ट पाहिली महरुन्निसाने, आणि तीही माशांमुळे नाही. टाकीत वनस्पतींबरोबर आलेल्या गोगलगाई होत्या; कुणी विकत न घेतलेल्या, कुणी न मोजलेल्या. एका शुक्रवारी दुपारी ती काच पुसत होती. तिने ओळखीची एक गोगलगाय पाहिली आणि फडकं थांबवलं. तपकिरी शंखावर पांढरे चट्टे पडले होते, टोकाला बारीक खड्डे होते. दुसरीही तशीच. तिसरीचा शंख तर कांद्याच्या सालीसारखा पातळ झालेला.

"अरसलानचे अब्बा, हिकडं या. पाणी शंख खातंय."

"काय बोलतेस? आकडा साडेसहा हाय."

"आकडा असू दे. लिंबाच्या रसात अंड्याचं कवच टाकल्यावर कसं होतं, तसं झालंय बघा. पाणी आंबलंय."

जहांगीरभाई गुडघ्यांवर बसून बराच वेळ शंखांकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर सांगता येणार नाही. घड्याळात पाच वाजले होते. सहाला फोन.

इथे थोडं थांबायला हवं होतं. आम्लाच्या पाण्यातल्या माशांना हळूहळू वर आणायचं असतं, दिवसाला थोडं थोडं, नळाचं पाणी अर्धी बादली रोज बदलून. महरुन्निसा म्हणत होती, फोन आला की पोरालाच विचारा. पण त्यांना फोन येण्याआधी सगळं सरळ करायचं होतं. मुलाने विश्वासाने दिलेली एकच वस्तू, आणि ती आपण आंबवली, हे त्यांना मुलाला सांगायचं नव्हतं.

आंबटावर चुना, एवढं त्यांना सुचलं. महरुन्निसाच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी त्यांनी उचलली, अर्धा चमचा चुना तांब्यात कालवला आणि टाकीत ओतला. मासे हलले नाहीत. त्यांनी आणखी अर्धा चमचा कालवला.

"अवो, एकदम नको," महरुन्निसा म्हणाली. "पानाला लावताना पण बोट जपून धरतो आपण."

तोपर्यंत तांब्या रिकामा झाला होता.

मग त्यांनी मला बुडवलं. मी नऊच्या पुढे गेलो. स्क्रूचा खोटा एक वजा केला तरी आठाच्या वर. अर्ध्या तासात पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं होतं. माझ्या आयुष्यात मी इतक्या घाईने कधी आकडा दाखवला नव्हता.

"हा खोटारडा हाय," ते म्हणाले आणि मला गादीवर फेकलं.

चुकीचं बोलत होतो तेव्हा त्यांनी माझं महिनाभर ऐकलं. त्या दिवशी ओरडलो, तर त्यांच्या दृष्टीने मी खोटा ठरलो होतो. त्यांचा दोष नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

आम्लाच्या पाण्यात माशांच्या घाणीचं विष निपचित पडून राहतं. चुना पडला की ते जागं होतं. ते पाण्यातून सरळ कल्ल्यांत जातं. पाचही मासे एकाएकी वर आले, तोंडं उघडून पृष्ठभागाशी हवा गिळू लागले, काचेवर आपटू लागले. जहांगीरभाईंनी बादलीने पाणी काढलं, नळाचं ओतलं, पुन्हा काढलं. जमीनभर पाणी झालं. त्यांचा सदरा कोपरापर्यंत भिजला. एकेक मासा आडवा झाला. सर्वांत मोठा, उजवा पर थोडा फाटलेला, तो सर्वांत शेवटी.

फोन वाजला तेव्हा पाचही मासे वर्तमानपत्रावर ओळीने ठेवलेले होते.

"अब्बा, आकडा किती?"

जहांगीरभाई भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ओठ ओले केले.

"लाईट गेली रे. टाकी दिसत नाय."

डोक्यावर पंखा गरगरत होता.

"अब्बा, पंख्याचा आवाज येतोय."

ते खाली बसले, ओल्या फरशीवरच. महरुन्निसाने त्यांच्या हातातली बादली काढून घेतली, एवढंच.

"मासे मेले, अरसलान. पाची. माझ्या हातनं मेले. पाणी आंबलंवतं नि मला कळलं नाय, मग मी चुना घातला."

"कधी?"

"आता. तू फोन करायच्या आधी."

मी गादीवर पडून ऐकत होतो. मला वाटलं, संपलं. आता शुक्रवारी काही वाजणार नाही.

"माझी पहिली बॅच पण मेलीवती, अब्बा," अरसलान म्हणाला. "बारावीत होतो. मी खायचा सोडा घातलावता. सात मासे. तुम्ही कुवेतला होतात. अम्मीला सांगितलं, अब्बांना नको सांगू."

जहांगीरभाईंनी बायकोकडे पाहिलं. ती जमीन पुसत होती.

"मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही फोनवर विचारायचात, सगळं ठीक ना. मग मी ठीक बोलायचो."

फोन कानाला लावून जहांगीरभाई नुसते बसून राहिले, आणि पलीकडूनही कुणी फोन ठेवला नाही.

मासे त्यांनी परसात पपईच्या झाडाखाली पुरले. गोगलगाई जगल्या, त्या अजून काचेवरून फिरतात, अंगावर पांढरे चट्टे घेऊन. रामजी सरांना हे कळलं तेव्हा ते आठ दिवस वर आले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की आपलं दार लोटून घ्यायचे. नवव्या दिवशी जहांगीरभाईच खाली गेले, चहाला बोलवायला. सर चहा घेता घेता म्हणाले की सात खरा होता, फक्त पाणी ते नव्हतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही. जहांगीरभाईंनी त्यांच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली.

आता मी टीव्हीच्या खालच्या खणात पडून आहे. काच सुकलेली, स्क्रू अजून शिवथरवर. माझ्या आत दोन सेल आहेत, त्यामुळे बटण दाबलं तर मी आजही आकडा दाखवीन, आणि पूर्वीसारख्याच ठामपणे. मला भीती वाटते ती त्याचीच. कधीतरी कुणीतरी खण उघडेल, मला चालू करेल आणि माझ्यावर विश्वास ठेवेल.

म्हणून जो कुणी मला हातात घेईल त्याला माझी विनंती आहे. आधी माझी परीक्षा घ्या, ज्याचा आकडा पक्का माहीत आहे अशा पाण्यात. मी नापास झालो तर मला फेकून द्या, मला वाईट वाटणार नाही. आणि मासे पर मिटून तळाशी बसलेले दिसले तर मी काय म्हणतो याची वाट पाहू नका. पाणी बदला, पण थोडं थोडं. मी हे सगळं सांगतोय तेही बरोबर असेल की नाही, याची मला खात्री नाही. पण न सांगून एकदा पाहिलं आहे.

गेल्या शुक्रवारी सहाला फोन आला. टाकी रिकामी होती, मी खणात होतो, विचारायला आकडा नव्हता. मग जहांगीरभाईंनी घसा साफ केला.

"त्या सोड्याचं सांग," ते म्हणाले. "किती घातलावतास?"

खण बंद असल्यामुळे पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण फोन बराच वेळ चालू होता.